पूर्व आशिया आणि मराठी ग्रंथव्यवहार : मध्यस्थ भाषेचा प्रश्न

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावरील मराठी पुस्तकांत सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने केलेल्या वर्णनाचा उल्लेख सहसा आढळतोच. येथील लोक उंच व मानी आहेत, उपकार ते विसरत नाहीत आणि अपमानाचा बदला घेतल्याखेरीज राहत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी सूचना देतात, त्यांचा राजा पुलकेशी हा प्रबळ हर्षालाही नमला नाही, अशा आशयाचा तो मजकूर आहे. महाराष्ट्राच्या स्वप्रतिमेच्या घडणीत त्याला विशेष स्थान लाभले असून शालेय वक्तृत्वस्पर्धेपासून विद्यापीठीय प्रबंधापर्यंत त्याचा संचार आहे. मात्र हा मजकूर मराठीत कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मूळ चिनी ग्रंथ इ. स. ६४६ मध्ये सिद्ध झाला. स्तानिस्लास झ्युलियाँ यांनी १८५७-५८ मध्ये तो फ्रेंचमध्ये आणला, सॅम्युएल बील यांनी १८८४ मध्ये इंग्रजीत आणला आणि टॉमस वॉटर्स यांचे विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी अभ्यासकांनी प्रामुख्याने इंग्रजी अनुवादांचाच आधार घेतला. म्हणजे मराठी माणसाचे वर्णन मराठी वाचकापर्यंत व्हिक्टोरियन इंग्रजीचा वेश घेऊन पोहोचले, आणि तोच त्याचा मूळ वेश आहे असे आपण गृहीत धरले.

हे एका उताऱ्यापुरते असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु चीन, जपान व कोरिया या प्रदेशांच्या इतिहासाविषयी आणि संस्कृतीविषयी मराठीत जो विद्याविषयक ग्रंथव्यवहार झाला, त्याचा फार मोठा भाग असाच इंग्रजीच्या मध्यस्थीने झालेला आहे. अशी पुस्तके संख्येने थोडी आहेत, ही तक्रार नेहमी केली जाते. ती खरी असली तरी दुय्यम आहे. मूळ संहितेशी थेट संबंध नसलेली पुस्तके दुपटीने वाढली, तरी या क्षेत्रातील मराठीचे ज्ञान दुपटीने वाढणार नाही. मध्यस्थ भाषेमुळे केवळ तपशिलाच्या चुका होतात असे नाही; मराठीच्या स्वतःच्या संकल्पना जेथे सर्वाधिक उपयोगी पडल्या असत्या, नेमक्या तेथेच त्या बाजूला सारल्या जातात. हे नुकसान अधिक गंभीर आहे.

१

ह्युएन त्संगाचेच उदाहरण पुढे नेता येईल. महाराष्ट्राच्या वर्णनात त्याने पूर्वेकडील डोंगररांगेतील एका विहाराचा उल्लेख केला आहे. त्याने स्थळाचे नाव दिलेले नाही. वर्णनावरून अभ्यासकांनी तो विहार अजिंठ्याचा मानला. हा विहार ज्या अर्हताने बांधला, त्याचे नाव चिनी ग्रंथात तीन चिन्हांनी लिहिलेले आहे. त्यांतील शेवटचे चिन्ह त्या काळच्या चिनी लिप्यंतरात 'र' आणि 'ल' या दोन्ही ध्वनींसाठी वापरले जाई. म्हणून ते नाव 'आचार' असेही वाचता येते आणि 'अचल' असेही. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल याने शास्त्याकरिता शैलगृह करविल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे 'अचल' हे वाचन स्वाभाविक वाटते. पण चिनी ग्रंथात नावापाठोपाठ त्याचा अर्थही दिलेला आहे आणि तो 'आचरण' या अर्थाच्या जवळचा, म्हणजे 'आचार' या वाचनाला पोषक आहे. अर्थ देताना यात्रेकरूचा किंवा त्याच्या लेखनिकाचा घोटाळा झाला, की शिलालेखातील व्यक्ती आणि ग्रंथातील व्यक्ती या दोन वेगळ्या आहेत? या प्रश्नाचे उत्तर येथे द्यावयाचे नाही. परंतु ज्याला संस्कृत व प्राकृत नामरूपांची जाण आहे, शिलालेख ज्याच्या परिसरातला आहे आणि जो ती तीन चिनी चिन्हे वाचू शकतो, असा अभ्यासक या चर्चेला सर्वांत योग्य होय. यांपैकी पहिल्या दोन अटी महाराष्ट्रात अनेकांनी पूर्ण केल्या आहेत. तिसरी पूर्ण न झाल्यामुळे प्रश्न अस्तित्वात आहे याचीच मराठी वाचकाला वार्ता नसते. इंग्रजी अनुवादात दोहोंपैकी एक रूप छापलेले असते आणि मराठी पुस्तकात तेवढेच उतरते.

नावांच्या लेखनाबाबतही हेच म्हणावे लागते. एकाच यात्रेकरूचे नाव मराठीत ह्युएन त्संग, युआन च्वांग, शुआन झांग अशा अनेक रूपांनी येते, कारण ज्या इंग्रजी पुस्तकावरून लेखकाने घेतले त्या पुस्तकाची रोमन पद्धती वेगळी असते. वास्तविक या बाबतीत देवनागरी रोमन लिपीपेक्षा समर्थ आहे. चिनी भाषेत अल्पप्राण व महाप्राण हा भेद अर्थनिर्णायक आहे. रोमन लेखनात तो 'बी' आणि 'पी', 'डी' आणि 'टी' अशा अक्षरांनी भागवून न्यावा लागतो. देवनागरीत 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'च' आणि 'छ' ही वर्णव्यवस्था आधीपासूनच आहे. म्हणून 'पेइचिंग' हे लेखन 'बीजिंग'पेक्षा मूळ उच्चाराला जवळचे ठरते. जपानी राजधानीचे नाव मूळ भाषेत दंत्य 'त'ने सुरू होते. 'टोकियो'मधला 'ट' इंग्रजांकडून आलेला आहे. आपल्या लिपीत जे सामर्थ्य आहे, ते वापरण्याऐवजी दुसऱ्या लिपीची अडचण आपण उसनी घेतली.

२

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला याहून निकटचे उदाहरण हायकूचे आहे. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. त्यांचा 'ध्रुवा' हा संग्रह १९७९ चा. त्यानंतर अनेक कवींनी हा प्रकार हाताळला आणि त्यावर प्रबंधही झाले. या प्रबंधांतून व लेखांतून हायकूची व्याख्या पाच, सात, पाच अशा सतरा अक्षरांची रचना अशी दिलेली आढळते. इंग्रजी विवेचनात 'सिलॅबल' हा शब्द येतो, त्याचे 'अक्षर' असे मराठी होते, आणि मग मराठी हायकू सतरा अक्षरांचा नियम पाळत नाही, असा निष्कर्ष काढून चर्चा थांबते.

जपानी छंदाचे एकक मात्र अक्षर नव्हे. दीर्घ स्वराची तेथे दोन एकके मोजली जातात. शब्दान्तीचा अनुनासिक वर्ण स्वतंत्र एकक धरला जातो. द्वित्तातील पहिल्या व्यंजनाचेही स्वतंत्र एकक होते. 'तोक्यो' या नावात इंग्रजी कानाला दोन वा तीन घटक ऐकू येतात, मराठी अक्षरगणनेतही दोनच भरतात. जपानी गणनेत ती चार एकके आहेत. मराठी छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याच नावाच्या मात्रा मोजाव्यात : दोन गुरू, म्हणजे चार मात्रा. 'निप्पोन' या शब्दाचेही तसेच आहे. द्वित्तापूर्वीचा 'नि' गुरू, अन्त्य व्यंजनामुळे 'पोन्' गुरू, मिळून चार मात्रा. जपानी गणनाही चारच. म्हणजे जपानी पद्यरचनेचे एकक इंग्रजी 'सिलॅबल'पेक्षा आपल्या मात्रेच्या कितीतरी जवळ आहे. दोहोंत भेद नाहीत असे नव्हे. पण मात्रावृत्तांची परंपरा असलेल्या भाषेला हायकूच्या घडणीत शिरण्यासाठी जे दार सहज उघडे होते, ते इंग्रजीच्या वाटेने आल्यामुळे दिसलेच नाही. ऋतुसूचक शब्द आणि ओळ तोडणारा अव्ययसदृश शब्द या हायकूच्या दोन प्रमुख अंगांबाबतही असाच विचार करता येईल. बारमाशी आणि ऋतुवर्णनाचे संकेत ज्या साहित्यपरंपरेला परिचित आहेत, तिला पहिल्या अंगाविषयी स्वतंत्र काही सांगता आले असते.

३

मराठी भाषकांनी पूर्व आशियाच्या अभ्यासात काहीच केले नाही, असे यावरून समजणे अन्यायाचे होईल. धर्मानंद कोसंबी यांच्या शिष्यपरंपरेतील पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध केला. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ तेव्हा संपूर्ण स्वरूपात चिनी भाषांतरातूनच उपलब्ध होता. म्हणजे हा अभ्यास चिनी संहिता प्रत्यक्ष वाचून झालेला आहे. पुढे १९७० मध्ये त्यांनी अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाच्या सहकार्याने 'समन्तपासादिके'च्या चिनी रूपाचा अनुवाद भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे प्रसिद्ध केला. वा. वि. गोखले यांनी चिनी व तिबेटी साधनांवरून बौद्ध संहितांवर काम केले. ही परंपरा कोणत्याही भाषेला अभिमानास्पद वाटावी अशी आहे. पण हे सर्व कार्य इंग्रजीत आणि काही प्रमाणात जर्मनमध्ये झाले. जगातील तज्ज्ञांशी संवाद साधण्यासाठी ते आवश्यकच होते, याविषयी वाद नाही. मात्र त्या कार्याची फळे मराठीत उतरली नाहीत, आणि त्यामुळे महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापकाला ही परंपरा आपली वाटत नाही.

धर्मानंद कोसंबी यांनी वेगळी वाट धरली होती. गोव्याच्या या विद्वानाने श्रीलंका व ब्रह्मदेश येथे राहून पाली आत्मसात केली, हार्वर्ड येथे संहितासंपादनाचे काम केले, आणि तरीही 'बुद्ध, धर्म आणि संघ' व 'भगवान बुद्ध' हे ग्रंथ मराठीत लिहिले. 'भगवान बुद्ध' पुढे अन्य भारतीय भाषांत गेला. मूळ संहिता वाचणारा लेखक मराठीत लिहू लागला की मराठी ही घेणारी भाषा न राहता देणारी भाषा होते, याचा हा पुरावा आहे. पालीच्या बाबतीत जे घडले ते चिनी-जपानीच्या बाबतीत घडले नाही.

प्रवासवर्णनाचा प्रांत येथे वेगळा ठेवावा लागेल. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'ने जपान मराठी घरांत नेला, आणि तेथे मूळ भाषेच्या ज्ञानाची अट घालणे अरसिकपणाचे होईल. मराठी विश्वकोशानेही चिनी व जपानी साहित्याची ओळख करून दिली. उणीव आहे ती या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात, म्हणजे सटीप अनुवाद, साधनग्रंथ आणि स्वतंत्र प्रबंध यांच्या प्रदेशात. तेथे आज प्रामुख्याने परीक्षोपयोगी पुस्तके आहेत. 'अतिपूर्वेचा इतिहास' हे त्यांपैकी कित्येकांचे शीर्षकच बोलके आहे. हा प्रदेश अति पूर्वेला आहे तो लंडनहून. सोलापूरहून तो केवळ पूर्वेला आहे. ही पुस्तके साधारणतः अफूच्या पहिल्या युद्धापासून, म्हणजे १८३९ पासून आरंभ करतात. परंतु त्या अफूचा मोठा वाटा शिंदे-होळकरांच्या माळव्यातून मुंबई बंदरामार्गे चीनला जात होता, हा मराठी इतिहासाशी जोडणारा दुवा परीक्षोपयोगी मांडणीत निसटतो. मराठी व मोडी कागदपत्रे आणि चिनी साधने एकत्र वाचण्याची शक्यता जेथे आहे, तेथेही आपण तिसऱ्याच भाषेतील सारांशावर समाधान मानतो.

४

हा प्रश्न सोलापुरातून मांडला जावा याला विशेष औचित्य आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस मागे राहिले, जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट केला, आणि सोलापुरात २०१२ मध्ये त्यांचे स्मारक झाले. त्यांचे शौर्य व त्याग सर्वपरिचित आहेत.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. कोटणीस यांनी चिनी भाषा बोलण्यापुरती शिकून थांबणे पसंत केले नाही. ते चिनी वाचू लागले, लिहू लागले, विद्यार्थ्यांना त्याच भाषेतून शिकवू लागले, आणि शस्त्रवैद्यकावरील अध्यापनाची पुस्तके त्यांनी चिनी भाषेत लिहावयास घेतली. त्यांतील लेखन अपुरे असतानाच मृत्यूने त्यांना गाठले. युद्धभूमीवर, औषधांच्या व कागदाच्या टंचाईत, तीन-चार वर्षांत सोलापूरच्या एका मनुष्याने चिनी भाषेला ज्ञानग्रंथ देण्याचा प्रयत्न केला. त्याला ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. दरम्यान त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान यांच्या आठवणी चिनी भाषेत प्रसिद्ध झाल्या, २००६ मध्ये इंग्रजीतही आल्या. चिनी भाषेतील स्मृतिपर साहित्य तर विपुल आहे. पण कोटणीसांविषयी चिनी भाषेत काय लिहिले गेले, हे जाणून घेण्यासाठी त्यांच्या जन्मगावच्या वाचकाला इंग्रजीचाच आश्रय घ्यावा लागतो. तेथे ते 'ख तीह्वा' या नावाने ओळखले जातात. पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी चीनवाचक 'ह्वा' हे अक्षर जोडले गेले होते. या नावाचे कोणते देवनागरी लेखन प्रमाण मानावे, हेही आपण ठरवलेले नाही.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, महाविद्यालयीन अध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थी इंग्रजी वाचू शकतात. मग हा खटाटोप कशासाठी? वरील विवेचनात याचे उत्तर आलेले आहे. मात्रा व 'सिलॅबल' यांतील फरक इंग्रजी पुस्तक आपल्याला सांगणार नाही, कारण मात्रावृत्ताची परंपरा ही त्या वाचकाची नव्हे, आपली आहे. शिवाय इंग्रजी वाचू शकणे आणि इंग्रजीतून विचाराची सवय असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे ग्रामीण महाविद्यालयात शिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : अशी पुस्तके छापणार कोण आणि वाचणार कोण? वाचकांबाबत निराश होण्याचे कारण नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठीत बौद्ध विषयांचा मोठा आणि गंभीर वाचकवर्ग उभा राहिला. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर होणारी ग्रंथविक्री ज्याने पाहिली असेल, तो मराठी वाचक ज्ञानग्रंथ विकत घेत नाही असे म्हणणार नाही. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई यांनी नागपूर ही आपली कर्मभूमी मानली. भारताबाहेर गेलेल्या धम्माचे पुढे काय झाले, कुमारजीवाने चिनी भाषेत कोणती परिभाषा घडवली, दोगेनने जपानमध्ये काय केले, हे जाणण्याची उत्सुकता या वाचकवर्गात आहे. तिला उत्तर देणारे मूलाधिष्ठित मराठी ग्रंथ आपण दिलेले नाहीत.

प्रकाशनाच्या बाबतीत सोलापूरकडेच एक आदर्श आहे. येथील व्यापारी ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० च्या दशकारंभी विद्वानांना एकत्र बोलावून जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली, आरंभी तीस हजार रुपये दिले आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती विश्वस्त निधीच्या रूपाने संघाच्या स्वाधीन केली. त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला निघाली. आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन हे तिचे संपादक. 'तिलोयपण्णत्ति'चा पहिला भाग १९४३ मध्ये व दुसरा १९५१ मध्ये निघाला. सोमदेवाच्या 'यशस्तिलका'वरील कृष्णकांत हंडिकी यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. हंडिकी आसामचे, गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांच्या या ग्रंथावर प्रकाशनस्थळ म्हणून सोलापूरचे नाव आहे. गिरण्यांच्या शहरातून, मर्यादित वाचक असलेल्या प्राकृत व संस्कृत विषयावर, जगभरच्या अभ्यासकांनी आधार घ्यावा अशी ग्रंथमाला उभी राहिली. त्यामागे तीन गोष्टी होत्या : कायम निधी, भाषा जाणणारे संपादक आणि आधी संहिता मग विवेचन हा क्रम. जपानमध्ये सूक्ष्ममापन उपकरणांचे उद्योजक येहान नुमाता यांनी चिनी त्रिपिटकाच्या इंग्रजी अनुवादाचा प्रकल्प अशाच निधीवर १९८२ मध्ये सुरू केला. ह्युएन त्संगाच्या ग्रंथाचा ली रोंगशी यांचा १९९६ चा अनुवाद त्याच मालेत निघाला. दोन्ही ठिकाणी बाजारपेठेने नव्हे, व्यापाऱ्याच्या विवेकाने विद्येला आधार दिला.

आजची अडचण पैशाइतकीच मूल्यमापनाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील तक्त्यात राष्ट्रीय प्रकाशकाच्या स्वतंत्र पुस्तकाला १० गुण, अनुवादित पुस्तकाला ८ आणि अनुवादित प्रकरणाला वा निबंधाला ३ गुण दिले गेले. अभिजात चिनी शिकण्यात दहा वर्षे घालवून केलेल्या सटीप अनुवादाला, चार महिन्यांत जुळवलेल्या स्वतंत्र पुस्तकापेक्षा कमी मोल मिळते, हा या गणिताचा अर्थ. अशा स्थितीत तरुण अध्यापक मूळ भाषेच्या वाटेला जात नाही, याचा दोष त्याच्याकडे देता येत नाही.

६

अपेक्षा मोठी ठेवण्याची गरज नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला, आणि त्याच निर्णयाने पाली व प्राकृत या भाषांनाही, अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने होणारा खर्च केवळ मराठीच्या प्राचीनत्वाच्या गौरवावर न होता, मराठीविषयी व मराठी प्रदेशाविषयी परभाषांत असलेल्या प्राचीन साधनांवरही व्हावा. साधने दुर्लभ आहेत ही सबब आता उरलेली नाही. जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात शंभर खंडांत छापलेल्या चिनी त्रिपिटकाचा मजकूर आज संगणकावर विनामूल्य वाचता येतो. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांची परंपरा अनेक दशकांची आहे. त्यांतील बहुतेक जण उद्योगक्षेत्राकडे वळतात, कारण विद्यापीठांतील मराठी विभागांनी त्यांना कधी बोलावलेच नाही. मराठीचा अध्यापक आणि जपानी वा चिनी जाणणारा अनुवादक यांनी जोडीने काम करावे, आणि मूळ भाषेच्या तज्ज्ञाने हस्तलिखित तपासल्याखेरीज ते छापू नये, एवढा नियम विभागांनी स्वतःवर घालून घेतला तरी आरंभ होईल. लिप्यंतराचे सर्वमान्य नियम हे त्याच्याही आधीचे काम आहे, आणि ते दहा-बारा पृष्ठांच्या पुस्तिकेत मावेल.

पहिल्या पाच वर्षांसाठी तीन ग्रंथ पुरेत. ह्युएन त्संगाचा महाराष्ट्रविषयक मजकूर, मूळ चिनी पाठासह व शिलालेखांच्या संदर्भासह, बाशोचा शिष्य हात्तोरी दोहो याने अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'सान्झोशी' या काव्यविचाराचा अनुवाद, मराठी छंदःशास्त्राच्या अंगाने केलेल्या टीपांसह, आणि डॉ. कोटणीस यांच्याविषयीच्या चिनी साधनांचे संकलन, क्वो छिंगलान यांच्या आठवणींसह. यांतील पहिले काम इतिहासाचे, दुसरे साहित्याचे आणि तिसरे सोलापूरचे आहे. तिसऱ्यापासून आरंभ करावा. कोटणीसांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी जे लेखन हाती घेतले, त्याची पाने कोणत्या स्वरूपात शिल्लक आहेत, हे शोधून ती मराठीत आणणे हे त्या मालेचे पहिले पुस्तक ठरू शकेल.